कोकणात बजेट ट्रिप: आठ जण, माणशी चार हजार, समुद्राला लागून रिसॉर्ट मिळेल का?

सानिका_१९
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय तर सांभाळून घ्या. आम्ही पुण्यात शिकणारे आठ जण आहोत, पाच मुली तीन मुलगे, सेमिस्टर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपतेय आणि लगेच कोकणात जायचंय, दोन रात्री तीन दिवस. बजेट माणशी चार हजार आणि ते खरंच चार हजार आहे, दोघं जण पार्ट टाइम कामाच्या पैशातून भरणारेत त्यामुळे "थोडं वर गेलं तर काय होतं" असं कोणी म्हणू नका प्लीज. रिसॉर्ट समुद्राला लागून हवं, पूल असला तर भारी. ऑनलाइन जे बघितलं त्यात एका रात्रीतच सगळं बजेट संपतंय. प्लॅन असा आहे, पहिल्या दिवशी काशीद आणि जंजिरा, मग दापोली, मग गणपतीपुळे आणि जमलं तर मालवणला स्कूबा. सुचवा.

बोरूबहाद्दर
काशीद ते मालवण तीन दिवसांत. तीन जिल्हे. बाई, ही सहल आहे की निवडणूक प्रचाराचा दौरा?

कट्टेकरी
बोरूकाका आले का लगेच 😄 सानिका, त्यांचं मनावर घेऊ नको पण म्हणतायत ते बरोबर आहे. कोकणात पैसे रूमवर जात नाहीत गं, पैसे जातात इकडून तिकडे हिंडण्यात. नकाशावर दोन गावं एकमेकांना चिकटलेली दिसतात आणि मधे खाडी असते, मग वळसा घालून दोन तास. आठ जण म्हणजे गाडी करावी लागणार, गाडी केली की ड्रायव्हरचं जेवण-मुक्काम तुमच्याकडे, टोल-डिझेल वेगळं, तिथेच निम्मं बजेट गेलं. एक गाव धर आणि तिथेच पडून राहा.

आणि रिसॉर्ट हा शब्द सर्चमधून काढून टाक. तो टाकला की एसी, पूल, डीजे असलेलीच ठिकाणं वर येतात. "घरगुती राहण्याची सोय" किंवा "होमस्टे" टाक, शिवाय राज्याच्या पर्यटन खात्याची निवास व न्याहारी योजना आहे, त्यात नोंद झालेली घरं बघ. समोर अख्खा अरबी समुद्र असताना पूल कशाला पाहिजे ते मला आजवर कळलेलं नाही.

मांडवा_एक्सप्रेस
मी अलिबागला मत देईन. गेटवेहून मांडव्याची लाँच पकडायची, तिच्याच तिकिटात पुढची अलिबागपर्यंतची बस येते, एवढं स्वस्त आणि मजेशीर काही नाही. नागावला वाडीतल्या खोल्या घ्या, सायकली भाड्याने मिळतात. पावसाळ्यात लाँच बंद असतात पण तुम्ही डिसेंबरात जाताय म्हणजे प्रश्न नाही.

कट्टेकरी
@मांडवा_एक्सप्रेस ते मुंबईकरांना ठीक आहे हो. पुण्याहून आधी मुंबई गाठा, मग गेटवे, मग लाँच, त्यात अर्धा दिवस जातो. आणि नागावला शनिवार-रविवारी समुद्र कमी आणि एटीव्ही, म्हणजे वाळूवर पळवायच्या चारचाकी बाइक, जास्त दिसतात.

एसटीवाला
माझा आवडता विषय. सानिका, तुमच्यात पाच मुली आहेत ना, मग तुम्ही अर्धी लढाई जिंकलात. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना सरसकट अर्धं तिकीट आहे, विद्यार्थी पास, फॉर्म, शिक्का काही लागत नाही, आधार कार्ड जवळ ठेवा की झालं. स्वारगेटहून दापोली, गुहागर, श्रीवर्धन सगळीकडे गाड्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये भाडेवाढ झाली तरी दापोलीचं साध्या गाडीचं पूर्ण तिकीट तीन-साडेतीनशेच्या आसपासच पडावं, मुलींना त्याच्या निम्मं. आरक्षण आधी करा, परीक्षा संपल्या की सगळी हॉस्टेलं एकदमच सुटतात.

"आवडेल तेथे प्रवास" पासचं कोणीतरी सांगेलच म्हणून आधीच सांगतो, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा मिळतो, भटकणाऱ्यांसाठी झकास पण एका गावी जाऊन बसणाऱ्यांनी तो काढण्यात काही अर्थ नाही.

रेल्वेचं म्हणाल तर पुण्याहून कोकणात रोज जाणारी थेट गाडी नाही, पनवेल गाठावं लागतं. तिथून कोकणकन्या, तुतारी, मांडवी, काय हव्या त्या गाड्या. पण हल्ली रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या किती वेळात भरतात ते चाकरमान्यांना विचारा. बिनारिझर्व्हेशनचं जायचं तर दिवा-सावंतवाडी आहे, पनवेलला थांबते, सकाळी बसलात की सावंतवाडीला पोचेपर्यंत संध्याकाळ. स्वस्त आहे, पण प्रत्येक क्रॉसिंगला थांबून तुमच्या सहनशक्तीची परीक्षा बघते.

तळकोकणी
काय रे, मालवणाचा नाव कोण घेणा नाय? तारकर्ली-देवबाग सोडून ही पोरां दापोलीक जातली?

गंमत बाजूला. सानिका, मी मालवणचाच आहे तरी सांगतो, दोन रात्रींसाठी पुण्याहून इकडे येऊ नका. कुडाळ स्टेशनला उतरून पुढे मालवणपर्यंत पुन्हा पाऊण-एक तास, येण्याजाण्यातच दोन दिवस संपतील. चार-पाच दिवस काढून या, सिंधुदुर्ग किल्ला बघा, १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी केली तो किल्ला वीस मिनिटं फिरून "झाला बघून" म्हणणारे लोक बघितले की आमचं डोकं फिरतं. आणि स्कूबा करायचं तर घाईत नको. किती वेळ पाण्याखाली, किती खोल, सोबत ट्रेनर माणशी एक की चौघांत एक, व्हिडिओचे पैसे धरून की वेगळे, हे सगळं बोटीत चढायच्या आधी विचारायचं. सर्वात कमी रेट सांगणाऱ्याच्या मागे धावू नये. लाइफ जॅकेट नसेल त्या बोटीत पाय ठेवू नये, मग ती बोट माझ्या चुलत्याची का असेना.

सानिका_१९
बापरे, किती पटापट उत्तरं! थँक्यू सगळ्यांना. ग्रुपवर बोलले, मालवण पुढच्या वर्षी, आत्ता दापोली साइड फायनल करतोय. पूलवरून दोघं रुसलेत पण ठीक आहे. एक ठिकाण मुरुडमध्ये दिसतंय, "सी-टच कॉटेज" लिहिलंय, जंजिरा पण तिथून जवळ दाखवतंय, चालेल का?

बोरूबहाद्दर
थांबा थांबा. जंजिऱ्याजवळचं मुरुड रायगडात. दापोलीचं मुरुड हर्णैजवळ, रत्नागिरी जिल्ह्यात. बुकिंग एका मुरुडला आणि एसटीचं तिकीट दुसऱ्या मुरुडला, असे महाभाग दर वर्षी निघतात. जिल्ह्याचं नाव वाचल्याशिवाय एक पैसा पाठवू नका.

माडाखाली
मी दापोली तालुक्यातलीच, आमच्या घरी पाहुणे राहतात. इथे जाहिरात चालत नाही म्हणून गावाचं नाव लिहीत नाही, पण चार गोष्टी सांगते.

सी-टच म्हणजे काय ते आधी फोनवर विचारून घे. कुणाचं सी-टच म्हणजे मधे रस्ता, मग शेजाऱ्याची नारळाची वाडी, मग कुंपण आणि मग समुद्र. कुणाचं खरंच पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर असतं पण तिथे पाणी खारं येतं आंघोळीला. समुद्रापासून पाच मिनिटं चालायची तयारी असेल तर तीच खोली निम्म्या पैशात मिळते. मधल्या वारी, म्हणजे सोमवार ते गुरुवार, साधी नॉन-एसी खोली आमच्या भागात हजार-दीड हजारात मिळते, त्यात तीन-चार पोरं सहज मावतात, गादी आम्ही देतो. शुक्रवार संध्याकाळपासून तोच रेट वर जातो आणि नाताळ लागला की विचारूच नका, २४ तारखेपासून थेट एक तारखेपर्यंत सगळीकडे दुप्पट. तुमची परीक्षा लवकर संपतेय तर २० च्या आत येऊन जा.

दुसरं, जेवण. पोरं दुपारी दोनला येतात आणि म्हणतात काकू आठ मासळी थाळ्या. अगं मासळी काय नळाला येते का? आदल्या रात्री सांगायचं किती जण, किती शाकाहारी, सकाळी नाश्त्याला काय. घावणे हवेत तर पीठ आधी करावं लागतं, मोदक हवे तर नारळ खवायला माणूस लागतो. सांगितलंत तर वेळेवर गरम मिळेल आणि स्वस्तात मिळेल, कारण मी मोजून आणते, वाया जात नाही.

तिसरं, तुमच्यात मुलं-मुली दोन्ही आहेत, तर फोन करतानाच स्पष्ट सांग, खोल्या वेगळ्या लागतील, सगळे अठराच्या वरचे, आधार कार्डं आणतो. नुसत्या मुलग्यांच्या ग्रुपला बरेच जण खोली देत नाहीत हे खरं आहे, लोकांना राग येतो पण रात्री दोनला स्पीकर आणि सकाळी पुळणीवर फुटलेल्या बाटल्या आम्ही उचललेल्या आहेत. अनवाणी मासेवाल्या बायका तिथूनच चालतात.

सानिका_१९
काकू खूप खूप थँक्यू 🙏 आम्ही शांत ग्रुप आहोत, फक्त एक जण गिटार आणतो आणि ती वाजवता येत नाही त्याला.

कट्टेकरी
हिशोब मांडून देतो, स्क्रीनशॉट काढ. दोन खोल्या, दोन रात्री, दीड हजारांनी धरल्या तरी सहा हजार, आठांत भागले की साडेसातशे. जाऊन येऊन एसटी मुलग्यांना सातशे, मुलींना साडेतीनशे. खाणं नाश्त्यासकट दिवसाला पाचशे धर, म्हणजे दीड हजार. तिथल्या तिथे रिक्षा-वडाप दोन-तीनशे. सुवर्णदुर्गाची किंवा डॉल्फिनची बोट करायची तर आणखी दोन-तीनशे. मुलग्यांचं साडेतीन हजारांच्या आसपास येतं, मुलींचं त्याहून कमी. वरचे पाचशे एका जणाकडे जमा ठेवा, कोणाच्या तरी चपला समुद्रात जाणारच.

खाण्यात एकच, सुरमई-पापलेट थाळीच्या नादी लागू नका, तिथेच बिल फुगतं. बांगडा, मांदेली, बोंबील खा, चवीला कुठे कमी नाहीत. शाकाहाऱ्यांनी आंबोळी, उसळ, सोलकढीवर ताव मारावा.

एसटीवाला
हर्णैचा मासळीचा लिलाव चुकवू नका, संध्याकाळी होड्या परतल्या की बंदरावर सुरू होतो, बघायला पैसे लागत नाहीत. टोपल्या वाळूवर मांडलेल्या, लिलाव करणारा भाव पुकारत पुढे सरकतो, आणि व्यापारी नुसती मान हलवून माल उचलतो, आपल्याला कळतही नाही सौदा कधी झाला. पायात सँडल घाला, बुटांचा वास पुण्यापर्यंत येतो. दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, वरून खाली अख्खा किनारा दिसतो, तोही फुकट.

रानभूल
वेळासला कासवं बघायला जाता येईल ना तिथून? ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडतात ते?

माडाखाली
@रानभूल डिसेंबरात नाही हो. तेव्हा माद्या जेमतेम अंडी घालायला येऊ लागलेल्या असतात. पिल्लं साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत. तेव्हा वेळासला घरोघरी राहायची सोय असते, पण आधी फोन करून यायचं, पिल्लं कोणाच्या सुट्टीप्रमाणे बाहेर येत नाहीत.

खाडीपलीकडे
सगळं बोललात, समुद्राबद्दल कोणी बोललं नाही. पोरांनो हे नीट वाचा, मी किनाऱ्यावरच वाढलेलो आहे.

कॅलेंडरवर तिथी बघायची. तिथीला पाऊणाने गुणायचं, भरती पूर्ण कधी होते ती वेळ येते, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आगेमागे भरती भरते आणि तिथून संध्याकाळी सहापर्यंत पाणी उतरत असतं. आता तुम्हीच सांगा, टुरिस्ट पाण्यात कधी उतरतात? जेवून, झोपून, चार-पाच वाजता. त्यात पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाणी जोरात चढतं आणि तेवढ्याच जोरात ओढून नेतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, जोर कमी. गावातले म्हातारे हा हिशोब बोटांवर करतात, तुमच्याकडे फोन आहे, भरतीचं टाइमटेबल तर त्यात मिळतंच.

आणखी एक. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला एक पट्टा शांत दिसतोय, पाणी जरा गढूळ, तर तिथे जायचं नाही. बाहेरची पोरं नेमकी तिथेच जातात, लाटा नाहीत म्हणून. किनाऱ्यावर चढलेलं पाणी तिथूनच परत आत जात असतं. चुकून ओढले गेलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, दमून जाल, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला निघायचं आणि मग बाहेर यायचं. पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या वर पाणी नको, सेल्फीसाठी पण नको. १ फेब्रुवारी २०१६ ला जंजिऱ्याजवळच्या मुरुडला पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची १४ मुलं गेली. तुमच्याच वयाची.

सानिका_१९
काका हे कोणीच सांगितलं नव्हतं आम्हाला. तारखा बघितल्या, आमचा मधला दिवस नेमका अमावस्येच्या जवळ येतोय. मग सकाळी पाण्यात जायचं का?

खाडीपलीकडे
हो. सकाळी सहा-साडेसहाला ओहोटी संपून पाणी चढायला लागलेलं असेल, सूर्य डोक्यावर यायच्या आत, आठ ते दहाच्या दरम्यान खेळून घ्या, तेही काठाकाठानेच आणि उधाण आहे हे लक्षात ठेवून. बाराच्या आत बाहेर. संध्याकाळी पुळणीवर क्रिकेट खेळा, ओहोटीला वाळू इतकी घट्ट होते की पिचची गरज नाही. आणि जिथे उतराल तिथल्या माणसाला आधी विचारायचं, प्रत्येक गावाचा समुद्र वेगळा असतो.

मांडवा_एक्सप्रेस
अजून एक भर, ऑनलाइन पैसे पाठवताना जपून. माझ्या भाचीच्या ग्रुपने एका पेजवर फोटो बघून पूर्ण पैसे पाठवले, पोचले तर त्या पत्त्यावर नुसती काजूची बाग. फोटो कुठलातरी गोव्याचा उचललेला. आधी फोन, मग व्हिडिओ कॉलवर खोली दाखवा म्हणायचं, खरा माणूस लगेच दाखवतो. अॅडव्हान्स थोडाच द्यायचा. फसलातच तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, उशीर केलात तर पैसे हातचे गेले.

माडाखाली
बरोबर. आणि येताना थोडी रोख आणा, वाडीत रेंज आली तर आली, यूपीआय फिरत बसतं. पॉवर बँक पण आणा, लाइटचा भरवसा नाही.

सानिका_१९
अपडेट: खोल्या मिळाल्या!! मधले वार, मुरुडच्या जवळचं एक घर (रत्नागिरी जिल्ह्यातलंच, बोरूकाका, तीनदा वाचलं 😄). दोन खोल्या, समोर अंगण, समुद्र चालत सात-आठ मिनिटं. त्या काकांनी व्हिडिओ कॉलवर खोली तर दाखवलीच पण गाय पण दाखवली. एसटी पण बुक झाली, आठातल्या दोन सीट शेवटच्या रांगेत आल्यात, त्यावरून आत्ताच भांडण सुरू आहे.

एसटीवाला
शेवटच्या रांगेत गिटारवाल्याला बसवा. घाटात आपोआप गप्प होईल.

सत्तरीपार
धागा वाचून उत्साह आला. आम्ही चौघी मैत्रिणी, सगळ्या निवृत्त, जानेवारीत असंच दोन रात्री जायचा विचार आहे. जिने नकोत, कमोड हवा, आणि मासे हवेतच. आमचं पण सांगा की कोणीतरी.

एसटीवाला
आजी, ६५ च्या पुढे अर्धं तिकीट, ७५ झाली असतील तर एसटी फुकटच. आधार कार्ड तेवढं हातात ठेवा.

सत्तरीपार
आजी कोणाला म्हणतोस रे. तिघींचं फुकट, एकीचं अर्धं, ती अजून लहान आहे.

बोरूबहाद्दर
ताई, तुम्ही वेगळा धागा काढा. इथे खाली खाली जाऊन हरवेल. मी येतोच तिकडे.